कम्प्रेसर बंद करायला लावणाऱ्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, नमस्कार.

हे पत्र मी खरं तर मागेच लिहायला हवं होतं. तुम्हाला आठवत असेल, गाणं रेकॉर्ड करताना माझं दरवेळी तेच व्हायचं, मुखडा हळू गायला की शब्द म्युझिकखाली दबायचे आणि अंतऱ्यात वरचा सूर लागला की आवाज फाटायचा, मग मी कम्प्रेसरचा (मोठा आवाज दाबणाऱ्या सॉफ्टवेअरचा) थ्रेशोल्ड, म्हणजे जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी, अजून खाली ओढायचे, रेशो, म्हणजे किती दाबायचं ते, 10:1 वर न्यायचे, आणि हाती काय यायचं तर चपटं गाणं, शब्दांइतकेच मोठे श्वास आणि मागे पंख्याची घरघर. महागडा प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं टूल) घेतला की सुटेल असंच वाटत होतं मला.

तुम्ही म्हणालात, सगळं काढ आणि नुसती कच्ची फाईल पाठव. ती दोनदा ऐकलीत आणि विचारलंत, "दुसऱ्या ओळीला मान खाली जाते का गं तुझी? कागद बघून गातेस ना?" खरंच बघत होते! नुसतं ऐकून एवढं कळतं हे मला तेव्हा समजलं.

मग तुम्ही माईकपासून वीतभर अंतर ठेवायला लावलंत. वरच्या सुराला थोडं मागे व्हायचं, कारण अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण 6 डीबीने (डेसिबलने) उतरतो, म्हणजे कम्प्रेसरचं अर्धं काम मानेनेच होतं. पण हळू ओळीला अगदी चिकटायचं नाही, कार्डिऑइड, म्हणजे समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणाऱ्या, माईकला जवळ गेलं की खर्ज फुगतो. माईक तोंडासमोरून जरा बाजूला घेतला तर 'फ' आणि 'भ'ची हवा शेजारून निघून गेली, आणि पंखा माईकच्या पाठीमागे आला तर घरघर निम्मी झाली. एक रुपया खर्च नाही, दादा.

मग कम्प्रेसर परत लावताना त्याचं गणित तर तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. 4:1 म्हणजे आवाज थ्रेशोल्डच्या 8 डीबी वर गेला तर बाहेर येताना 2च डीबी वर. दाबलेलं भरून काढायला मेकअप गेन, म्हणजे दाबून झाल्यावरचा एकूण आवाज, वाढवला की श्वास आणि खोलीसुद्धा सोबत वर येतात, माझं नेमकं तेच होत होतं. अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, मी सगळ्यात फास्ट ठेवायचे, त्यात 'क', 'त'ची धार जायची. तुम्ही 20 मिलिसेकंद ठेवायला सांगितलंत आणि शब्द पुढे आले, अक्षरशः पुढे आले. रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, किती दाबलं ते दाखवणाऱ्या काट्याकडे बघून लावते आता, पुढची ओळ सुरू व्हायच्या आत काटा परत आला पाहिजे.

तुम्ही स्वतःचं काम बाजूला ठेवून माझे टेक ऐकलेत, एकदाही कंटाळला नाहीत, हे मी विसरणार नाही. काल नवीन टेक पाठवलाय. अंतऱ्याची तिसरी ओळ नक्की ऐका, तिथे काटा फक्त 3 डीबी हलतो.

तुमची,
वीत मोजून गाणारी