कुंडात उतरण्याआधी

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

जपानमधल्या किनोसाकी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावातली खोली पक्की झाली, पलंगाचीच घेतलीय. जमिनीवरच्या गादीवरून उठताना बाबांचे गुडघे बोलले असते. क्योतोहून थेट गाडी आहे, अडीच तासांची. गावात सार्वजनिक स्नानघरं सात. त्यांचा पास मुक्कामाच्या र्योकानातच, म्हणजे पारंपरिक जपानी निवासातच मिळतो. सगळ्यांची आठवडी सुट्टी एकाच वारी नसते, तेवढं पोचल्यावर विचारा.

आई, वज्रेश्वरीच्या कुंडात साडीसकट उतरतात, इथे अंगावर काहीच ठेवायचं नाही. बायकांची बाजू वेगळी असते. मात्र र्योकानातल्या कुंडांवरचे पडदे कधी कधी सकाळ-संध्याकाळ बदलतात. कालचं बायकांचं आज पुरुषांचं. दर वेळी पडदा बघूनच आत जा. हातावरच्या गोंदणाची चिंता नको. पुष्कळ गावांत त्यावरून आत घेत नाहीत, इथे सातही ठिकाणी चालतं. जोडवीही राहू देत. हे पाणी खारं आहे. चांदी काळी पडते ती कुसात्सू गावासारख्या गंधकाच्या पाण्यात.

कुंड अंग घासायला नसतं. आधी बुटक्या स्टुलावर बसून हातशॉवरने साबण लावून न्हायचं. उभ्याने न्हालं की शेजारणीवर शिंतोडे उडतात. फेस पूर्ण गेला पाहिजे. केस वर बांध, पाण्याला लागू देऊ नकोस. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर. बाहेर येताना त्यानेच अंग टिपायचं, कपडे बदलायच्या खोलीतली जमीन कोरडी राहायला हवी.

बाबा, हे तुमच्यासाठी. पाणी ४२ अंशांच्या आसपास असतं. त्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. तुमची गोळी तेच काम करते, म्हणून झटकन उठलात की डोळ्यांपुढे अंधारी येईल. आधी पायांवर, मग कमरेवर, मग खांद्यांवर पाणी घ्या. पाच मिनिटं बसा, काठावर या, वाटलं तर पुन्हा पाच. उठताना काठ धरा. आधी आणि नंतर पेलाभर पाणी प्या. जेवल्यावर लगेच नको, साके (तांदळाची दारू) घेतल्यावर तर मुळीच नको. एका संध्याकाळी बरीच कुंडं करणारे हौशी भेटतील; तुम्हाला दिवसाला दोन भरपूर.

युकाता, म्हणजे सुती झगा, नेसताना डावा पदर उजव्यावर. उलटा फक्त प्रेताला नेसवतात. लाकडी खडावा ओल्या दगडावर घसरतात, तुमच्या चपलाच घाला.

जेवणाचं बुकिंगमध्येच लिहिलंय. नुसतं ‘मासे नको’ म्हटलं तरी सूपमध्ये दाशी येतेच, म्हणजे वाळवलेल्या माशाचं पाणी. आयत्या वेळी सांगून उपयोग नसतो, सगळं आधीच शिजलेलं असतं. तरी आई, लोणच्याची बाटली घे, गळणार नाही अशी.

तुमची,
धाकटी