थ्रॉटलची खराबी आणि ‘डेडझोन वाढवा’ हे उत्तर

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : स्टिक-थ्रॉटल जोडीतील उजव्या थ्रॉटलचा बिघाड, खोक्यावरील दिशाभूल करणारा मजकूर आणि वॉरंटीतील बदलीबाबत

महोदय,

लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरसाठी (संगणकावर विमान उडवण्याच्या खेळासाठी) आपली कंपनी बनवते ती स्टिक (विमान वळवण्याचा दांडा) आणि दुहेरी थ्रॉटलची (दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दोन लिव्हरांची) जोडी मी सात महिन्यांपूर्वी घेतली. पाचव्या महिन्यात उजव्या थ्रॉटलचा ॲक्सिस, म्हणजे लिव्हरच्या जागेचा संगणकाला मिळणारा आकडा, उड्या मारू लागला. तेव्हापासून आपल्या मदत कक्षाची मला अकरा उत्तरे आली आणि फिरून फिरून सगळ्यांचा सूर एकच होता : डेडझोन, म्हणजे हालचालीचा दुर्लक्षित करायचा भाग, वाढवा. या सल्ल्याने माझे थ्रॉटल दुरुस्त होणार नाही, हे दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून समजावून सांगून मी थकलो आहे. म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

बिघाड असा आहे. उजवा लिव्हर साधारण ५५ ते ७० टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवून हात काढून घेतला, तरी आकडा स्थिर राहत नाही. ६२ टक्क्यांवरून क्षणात ९ टक्क्यांवर येतो आणि लगेच परत जातो. कधी मिनिटभर काही होत नाही, कधी एका सेकंदात चार-पाच झटके बसतात. या पट्ट्याच्या वर आणि खाली तोच लिव्हर अगदी गुळगुळीत चालतो. डाव्या लिव्हरला आजवर काही झालेले नाही.

नेमका हाच पट्टा का, याचे उत्तर माझ्या उडण्यात आहे. मी बहुतेक वेळ डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये एफ/ए-१८ हॉर्नेट उडवतो, आणि त्यातही विमानवाहू नौकेवर उतरण्याचा सराव. उतरताना हात थ्रॉटलवरून हलत नाही. थोडे पुढे, थोडे मागे, पुन्हा थोडे पुढे, असे शेवटच्या क्षणापर्यंत चालू असते. माझ्या मांडणीत लिव्हर तेव्हा याच पट्ट्यात असतो. लिव्हरची जागा मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूची टोचणी घासत फिरते. जिथे ती सर्वांत जास्त घासते तिथे पट्टी आधी झिजते, टोचणीचा संपर्क मधूनच तुटतो आणि आकडा भलतीकडे जातो. हे झिजेचे नेहमीचे लक्षण आहे आणि आपल्या अभियंत्यांना ते माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार.

मदत कक्षाने सांगितलेले सगळे मी करून पाहिले. यूएसबी पोर्ट बदलले. हबमधून काढून थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावले, मग स्वतंत्र वीज असलेल्या हबला लावले. वीज वाचवण्यासाठी पोर्ट झोपवणारी विंडोजची सोय बंद केली. आपला ड्रायव्हर पूर्ण काढून टाकला. शेवटी दुसऱ्याच संगणकावर जोडून पाहिले. तिथेही उजवा लिव्हर, तोच पट्टा, तेच झटके. एका उत्तरात तर माझे ग्राफिक्स कार्ड व्हीआर (आभासी वास्तवाच्या) हेडसेटला पुरत नसावे, अशी शंका घेतली होती. ९० हर्ट्झच्या हेडसेटला दर अकरा मिलिसेकंदांना एक चित्र तयार करून द्यावे लागते, तिथे संगणकाची दमछाक होते हे मला मान्य आहे. पण मी पाठवलेल्या चित्रफितीत कोणतेही सिम चालू नाही. विंडोजच्या कॅलिब्रेशनच्या खिडकीत कच्चे आकडे दिसतात, तेवढेच त्यात आहे. तिथे ग्राफिक्स कार्डाचा संबंध येतोच कुठे?

आता डेडझोनविषयी. स्टिक सोडल्यावर ती मध्यावर पूर्णपणे परत येत नसेल, तर मध्याभोवतीचा थोडा भाग दुर्लक्षित करायचा, यासाठी डेडझोन असतो. थ्रॉटलला मध्य नसतो. स्लायडर म्हणून लावलेल्या ॲक्सिसला डेडझोन दिला तर तो टोकाला लागतो, ६२ टक्क्यांवरच्या झटक्याला त्याचा स्पर्शही होत नाही. कर्व्ह, म्हणजे लिव्हरची हालचाल आणि आकडा यांचे प्रमाण, बदलल्याने झटका लहान-मोठा दिसेल, थांबणार नाही. कॅलिब्रेशन फक्त टोके नव्याने ठरवते. तिन्ही उपाय मी केले, तिन्हींचे आकडे आपल्याकडे पाठवले, आणि त्यावर उत्तर आले की डेडझोन १५ टक्के करून बघा.

हा छंद बाहेरून खेळ दिसतो, म्हणून कदाचित एवढ्या तपशिलाची कुणाला गरज वाटत नसेल. हवेत इंधन भरण्याचे एक उदाहरण देतो. हॉर्नेटची नळी टँकरमागे लोंबणाऱ्या टोपलीत घालायची असते, आणि टँकरपेक्षा आपला वेग जेमतेम तीन नॉटने जास्त ठेवायचा असतो. तीन नॉट म्हणजे सेकंदाला दीड मीटर. जेट इंजिनाला वेग बदलायला थोडा अवधी लागतो, त्यामुळे एखादा झटका पचून जातो. झटके ओळीने आले की उजव्या इंजिनाचे फेरे उतरतात, नाक किंचित उजवीकडे सरकते आणि टोपली हातची जाते. हे जमायला मला चार महिने लागले होते. ज्या आठवड्यात पहिल्यांदा टाकी पूर्ण भरली, त्याच्या पुढच्याच आठवड्यात हा बिघाड सुरू झाला. पिस्टन इंजिनाच्या विमानात तर पचवायला अवधीच नसतो. स्पिटफायर धावपट्टीवर असताना थ्रॉटल झटक्याने पडून परत चढले, तर टॉर्क (इंजिनाचा पिळ देणारा जोर) बदलतो आणि विमान आडवे जाते.

बिघाडापेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट खोक्यावर आहे. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत ‘हॉल सेन्सर’ आणि ‘१६-बिट अचूकता’ असे छापले आहे. हॉल सेन्सरमध्ये चुंबकाचे क्षेत्र मोजले जाते, काहीही काहीला घासत नाही, म्हणून तो असा झिजत नाही. मी ही जोडी निवडली ती याच दोन शब्दांवर. सातव्या उत्तरात आपल्या प्रतिनिधीने लिहिले की हॉल सेन्सर फक्त स्टिकच्या दोन मुख्य ॲक्सिसना आहेत, थ्रॉटल आणि स्टिकचे रडर (शेपटीवरचे सुकाणू) वळण पोटेन्शिओमीटरवर चालते. खोक्यावर, माहितीपत्रकात किंवा पुस्तिकेत हे कुठेही नाही.

तीच गत १६-बिटची. १६-बिट म्हणजे मोजमापाच्या ६५,५३६ पायऱ्या. थ्रॉटलचे आकडे ० ते ६५,५३५ असे येतात खरे, पण लिव्हर कितीही हळू सरकवला तरी आकडा दर वेळी ६४च्याच पटीत बदलतो. ६५,५३६ला ६४ने भागले की १,०२४ येतात, म्हणजे आतले मोजमाप १०-बिटचे आहे आणि फर्मवेअर (उपकरणाच्या आतले सॉफ्टवेअर) ते ताणून १६-बिटचे दाखवते. १,०२४ पायऱ्या थ्रॉटलला पुरेशा आहेत, तेवढ्यावर मी तक्रार केली नसती. पण जे आत नाही ते बाहेर छापणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि हा शब्द मी विचार करून वापरतो आहे.

मधल्या काळात ‘झटके कमी करणारे’ म्हणून एक फर्मवेअर पाठवण्यात आले. झटके होते तसेच राहिले, पण उपकरणाची ओळख बदलली. डीसीएस प्रत्येक विमानाची बटणे उपकरणाच्या नाव आणि ओळख क्रमांकाच्या फाइलमध्ये ठेवते. ओळख बदलताच तीन विमानांची माझी सगळी मांडणी नाहीशी झाली. डोक्यावर हेडसेट असताना कीबोर्ड दिसत नाही, त्यामुळे रडारपासून चाके खाली सोडण्यापर्यंत सगळे मी स्टिक-थ्रॉटलवरच लावलेले होते. जुन्या फाइलींची प्रत ठेवण्याची सवय होती म्हणून नावे बदलून ती मांडणी परत मिळवता आली. ज्याच्याकडे प्रत नसेल त्याने काय करायचे? फर्मवेअर पाठवताना याची एका ओळीत सूचना द्यायला हवी होती. जुने फर्मवेअर मागितले तर ते उपलब्ध नाही असे कळवले गेले.

एका प्रतिनिधीने थ्रॉटल उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायला सांगितले. तळाच्या स्क्रूवर मात्र ‘सील तुटल्यास वॉरंटी रद्द’ असा कागद चिकटवलेला आहे. उघडण्याची लेखी परवानगी मी मागितली, तिचे उत्तर अजून आलेले नाही. मी सील तोडलेले नाही आणि तोडणारही नाही.

स्टिक चांगली आहे, हेही लिहायला हवे. तिचा मध्य घट्ट आहे, स्प्रिंग समान ताणाची आहे, सात महिन्यांत तिने एकदाही दगा दिलेला नाही. ज्यांनी ती बनवली त्यांना थ्रॉटलही नीट बनवता आले असते, म्हणून वाईट जास्त वाटते.

माझी मागणी अशी : वॉरंटीत थ्रॉटल बदलून मिळावे आणि बदलीच्या थ्रॉटलमध्ये हॉल किंवा तसाच न घासणारा सेन्सर असावा. पोटेन्शिओमीटरचेच दुसरे थ्रॉटल मला नको, ते पुन्हा पाचव्या महिन्यात याच पट्ट्यात झिजेल. तसे थ्रॉटल आपण बनवतच नसाल, तर संपूर्ण जोडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी आणि पाठवणीचा खर्च कंपनीने करावा. जुने फर्मवेअर सर्वांना उतरवून घेता येईल असे ठेवावे. आणि पुढच्या खोक्यांवर कोणत्या ॲक्सिसला कोणता सेन्सर व किती बिटचे मोजमाप आहे, ते स्वतंत्रपणे छापावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते तांत्रिक विभागाच्या माणसाने चित्रफीत पाहून लिहिलेले असावे. त्यात पुन्हा डेडझोनचा सल्ला आला, तर तो मी नकार समजेन आणि ग्राहक म्हणून पुढचा कायदेशीर मार्ग धरेन.

आपला,
एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, दोन संगणकांवरील कच्च्या आकड्यांच्या चित्रफिती, न तुटलेल्या सीलचे छायाचित्र, मदत कक्षाची अकरा उत्तरे