दात कुणाचा, फोटो कुणाचा!

संपादक महोदय,

खोल समुद्रातल्या लुप्त शार्कच्या दातांवर काल लेख छापलात, त्याबद्दल आधी आभार. पण सोबत पाव पान भरून फोटो कुणाचा, तर मेगालोडॉन या लुप्त राक्षसी शार्कचा! अहो, तो उबदार पाण्यात व्हेल मारून खाणारा प्राणी. त्याचे दात तळाशी सापडतात हे मान्य, चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने १८७०च्या दशकातच पॅसिफिकच्या तळातून काढले होते आणि २०२२ मध्ये पॅसिफिकमधल्याच जॉन्स्टन अटॉल या प्रवाळबेटाजवळ ३ किलोमीटरहून जास्त खोलीवरही एक सापडला. पण शार्कचे दात आयुष्यभर पडतच असतात, हजारोंनी, पडले की तळाला जाणारच, म्हणून काय मासा तिथे राहायला होता?

वर पुन्हा "अजूनही जिवंत असेल का?" अशी चौकट. तो संपून साधारण ३६ लाख वर्षं झाली. चॅलेंजरच्या दातांवरचा मँगनीजचा थर मोजून १९५९ मध्ये कुणीतरी ११ हजार आणि २४ हजार वर्षं असं वय काढलं, ते कधीच मोडीत निघालंय, कारण तो थर सगळीकडे सारख्या वेगाने चढतच नाही. तुम्ही मात्र तिथेच.

एका संग्रहालयात हाच प्रकार पाहिला. मेगालोडॉनचा दात मधोमध, वर लाइट. आणि खरे खोल पाण्यातले, सिक्सगिल या खोल पाण्यातल्या शार्कच्या लुप्त नातेवाईकांचे फणीसारखे दात कुठे, तर गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या ट्रेमध्ये! काही तर जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे. असे दात मिळवायला कुणीतरी गाळ चाळत बसतं, खडक सौम्य आम्लात विरघळवून मायक्रोस्कोपखाली एकेक वेचतं, आणि इथे साधं भिंग ठेवायची बोंब. भाची खाली बसून बघायला लागली तर गार्ड म्हणतो, "उठा, तिथे काही नाहीये." तिथल्या साहेबांकडे भिंगाचं विचारलं तर म्हणे, "मॅडम, पब्लिकला मोठाच दात लागतो." अहो, छोटा दाखवलात तर लागेल ना पब्लिकला! तुमचा फोटो निवडणारेही बहुतेक या साहेबांचेच चेले.

पुढच्या वेळी निदान एक फोटो त्या बारक्या दातांचा छापा, मोठा करून, बाजूला स्केल देऊन. आणि मागच्या रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं अजून आलेली नाहीत, तेवढं बघा.

आपली,
एक नियमित वाचक