लिस्बनचा पाऊस आणि बाबांचा हिशेब

ती. आई आणि बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "भर पावसात फिरायला जायची काय अवदसा आठवली?" तेव्हा आवाज सारखा तुटत होता, शिवाय शेजारी तुमचे जावई खुसुखुसु हसत होते, म्हणून आता सविस्तर लिहिते. बाबा, नोव्हेंबरात लिस्बनची गर्दी ओसरते. विमान आणि खोली दोन्ही आमच्या खिशाला परवडलं ते केवळ या पावसाच्या कृपेनं. खोली जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली (म्हणजे भिजत असलेली) धुणी दिसतात. विमानात पाठीवरच्या एका सॅकपुरतंच सामान फुकट होतं. त्यात स्वेटरच्या आधी आईचा चिवडा गेला.

इथला पाऊस वाईच्या संततधारेसारखा नाही. समुद्रावरून वाऱ्यासकट सर येते, छत्री उलटी करते आणि निघून जाते. लगेच ऊन. पहिल्या सरीलाच रोसियो चौकात छत्रीवाले कुठून कुठून उगवले. आम्ही घेतली तो पोरगा बांगलादेशचा निघाला. हिंदीतून घासाघीस केल्यावर त्यानं दोन युरो कमी केले, वर "भाभी, हवा में मत खोलना" असा सल्लाही दिला. तो आम्ही पाळला नाही आणि एक काडी गेली.

जपायचं असतं ते पायाखाली. इथले फूटपाथ पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या बेसाल्टचे हाताएवढे तुकडे ठोकून केलेले. त्यात लाटा, वेली, जहाजं अशी नक्षी असते. पायांनी घासून घासून दगड गुळगुळीत झालेत आणि त्यावर पाणी पडलं की चढउताराच्या गल्लीत भिंत धरूनच चालावं लागतं. सांता जुस्ता नावाची १९०२ सालची लोखंडी लिफ्ट आहे, खालच्या बाजारातून वरच्या वस्तीत नेणारी. तिला तिकीटही आहे आणि रांगही. जावयांनी त्यावर तोड काढली: बाइशा-शियादो मेट्रो स्टेशनात खालून शिरायचं, सरकत्या जिन्यांनी वर जायचं आणि तिकिटाच्या फाटकाकडे न वळता टेकडीवरच्या दारानं बाहेर पडायचं. फुकट, आणि कोरडं! दिवसातून कितीदा तरी आम्ही ते जिने चढलो-उतरलो. बाबा, तुम्हाला असा जावई मिळाला याचा अभिमान वाटू द्या.

वर गेलं की कार्मोचा मठ लागतो. इथं तिकीट काढलं आणि एक पैसाही वाया गेला नाही. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या लागलेल्या, आणि भूकंप झाला. मग समुद्र आत आला, आणि उरलेलं शहर कित्येक दिवस जळत राहिलं. कार्मोचं छप्पर त्या दिवशी कोसळलं. पुढे डागडुजी सुरू झाली, पण पुरी झालीच नाही. आता कमानी तेवढ्या आभाळात उभ्या आहेत आणि खाली गाभ्यापर्यंत गवत. आम्ही आत असतानाच सर आली. लोक मागच्या छताखालच्या संग्रहालयात पळाले (तिथं पेरूमधल्या दोन ममी आहेत, का ते विचारू नका), आणि आम्ही मात्र एका खांबाला चिकटून कमानींच्या कडांवरून निथळणारं पाणी बघत राहिलो. आजी कोयनेच्या भूकंपाचं सांगायची, अंगणात काढलेल्या रात्री, ते सगळं आठवलं. नंतर राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल यानं खालचं शहर सरळ रस्ते आखून नव्यानं बांधून घेतलं. भिंतींच्या आत फुल्याफुल्यांचा लाकडी सांगाडा घालायचा, म्हणजे हादरा बसला तरी घर उभं राहील. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून तो तपासला, असं सांगतात.

खाण्याचं म्हणाल तर दुपारी 'प्रातु दु दीया', म्हणजे रोजचं ठरलेलं ताट, आणि रात्री चिवडा. टेबलावर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह येऊन पडतात. हात लावला की बिलात. आम्ही वाटी तशीच परत सरकवायचो, वेटर काही बोलायचा नाही. आई, काल्दू व्हेर्द नावाचं बटाट्याचं सूप आहे, त्यात हिरवी पालेभाजी केसासारखी बारीक चिरून घालतात. वर सॉसेजची चकती असते, ती आधीच नको म्हणून सांगितली. कॉफी उभ्यानं काउंटरवर प्यायची. 'नाता' नावाच्या कस्टर्डच्या पेस्ट्रीवर दालचिनी हवी तेवढी भुरभुरवा, तिचे पैसे नाहीत.

बेलेंला जेरोनिमोसचं चर्च पाहिलं. आफ्रिका आणि पूर्वेच्या व्यापारावरच्या विसाव्या हिश्श्याच्या करातून ते उभं राहिलं. मिरी, दालचिनी, लवंगेचं उत्पन्न त्यातून वगळलेलं, ते थेट राजाच्या तिजोरीत! आत शिरताच वास्को द गामाची कबर, हात जोडून निजलेला. १५२४ साली कोचीत वारला आणि फिरत फिरत इथं आला. लोक फोटो काढत होते. मला तर मेणवलीच्या घाटावरची घंटा दिसायला लागली, चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतल्यावर आलेली, अंगावर मेरी आणि बाळ असलेली. इथं कबर, तिथं घंटा, असं जावयांना सांगितलं तर म्हणाले, "मग हिशेब फिटला." मला नाही वाटत तसं. गोव्याला सुटायला १९६१ उजाडलं.

बाबा, पुढच्या वेळी मेणवलीला गेलात की त्या घंटेवरचे आकडे नीट वाचा आणि जवळून फोटो पाठवा. इथल्या घंटांशी ताडून बघायची आहे. खर्चाचा कागद सोबत जोडलाय. छत्री 'इतर'मध्ये धरली आहे, हरकत असेल तर कळवा.

तुमची,
चिऊ