एफ/२२ आणि कोपऱ्यातला अनुस्वार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या छायाचित्रणाच्या सदरात निसर्गदृश्यासाठी अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान) बिनधास्त एफ/२२ वर न्या, म्हणजे सगळं शार्प येतं, असा सल्ला वाचला. राहवलं नाही म्हणून लिहिते.

माझी नोकरी जुने नकाशे आणि दस्तऐवज कॅमेऱ्यात उतरवण्याची होती. सुरुवातीला मीही नकाशांचा एक अख्खा गठ्ठा एफ/२२ वर टिपला. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर गावांची नावं टीपकागदावर शाई उतरावी तशी फुटलेली. दोष लेन्सला दिला. लेन्स बिचारी ठीक होती. सगळं काम पुन्हा करावं लागलं.

छिद्र लहान केलं की प्रकाश जास्त पसरतो, याला विवर्तन म्हणतात. हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू एफ/८ वर सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, साधारण ११ मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) ठिपका होतो, एफ/२२ वर जवळपास ३० चा. आणि सेन्सरवरचा एकेक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक कण, असतो बहुधा ४ ते ६ मायक्रॉनचा! यातून महागडी लेन्सही सुटत नाही.

आपली लेन्स कुठे उत्तम चालते हे बघायला तुमचाच अंक पुरतो. छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर ताठ चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, पानाच्या अगदी समोर. तिरका लागला तर एक बाजू उगाच धूसर दिसते. स्टॅबिलायझर (हातातला कंप सावरणारी सोय) बंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) कमी, टायमर दोन सेकंदांचा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, मधलं अक्षर मोठं करून फोकस हाताने लावा आणि अ‍ॅपर्चर एकेक स्टॉप, म्हणजे एकेक पायरी, बदलत फोटो काढा. मग बघायचा तो फक्त कोपऱ्यातला एखादा अनुस्वार. माझ्या ५० मिमी लेन्सवर एफ/१.८ ला त्याला शेपूट फुटतं, एफ/५.६ ला तो नीटस टिंब होतो, एफ/२२ ला पुसट पुंजका. लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढूनही एकदा बघा.

जवळचा दगड आणि लांबचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतील तर एफ/११ वर जावं, फार तर एफ/१६. तिथे थोडी धार सोडावी लागते, ती मी खुशीने सोडते.

सदरात दुरुस्ती छापाल अशी अपेक्षा आहे. छोट्या जाहिरातींचा टाइप मात्र कृपया वाढवू नका, इतका बारीक दुसरीकडे मिळत नाही.

आपली,
एक निवृत्त छायाचित्रकार