मे महिन्यात झाडांना पाणी कोण घालणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

5 जून म्हणजे पर्यावरण दिन जवळ आलाय, पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांमध्ये आता वृक्षारोपणाची तयारी सुरू असेल, म्हणून हे पत्र आत्ताच पाठवतेय. मी एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) आहे, नुकतीच टीवायची, म्हणजे तिसऱ्या वर्षाची परीक्षा दिली.

एफवायची सुट्टी चालू होती तेव्हा आम्ही 5 जूनला कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत 60 रोपं लावली. बॅनर, पाहुणे, फोटो सगळं झालं आणि आम्ही खरंच खूश होतो. पण पाऊस अजून आलेला नव्हता, पुण्यात तो साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि नीट लागायला अजून वेळ घेतो, त्यामुळे रोपं गेली ती तापलेल्या कोरड्या मुरमात. पुढच्या फेब्रुवारीत मोजली तर 17 शिल्लक. वाळलेलं एक करंज मी धरून ओढलं तर अख्खं हातात आलं, खाली नर्सरीची काळी पिशवी तशीच्या तशी, आणि आत मुळं गोल गोल फिरून नुसता गुंता झालेला. घाईत पिशवी न फाडताच कुणीतरी ते खड्ड्यात ठेवून वर माती लोटली होती. त्या रांगेत मीच होते, त्यामुळे कदाचित मीच. ते मला अजून विसरता येत नाही.

2019 मध्ये राज्यात 33 कोटी झाडांची मोहीम झाली तेव्हा मी शाळेत होते, तेव्हाही आम्ही खड्डे खणले होते. लावायला कुणाची ना नसते हो. अडतं ते पुढे. आमच्या माळीकाकांनी हे अगदी सोप्या शब्दांत सांगितलं, की पोरांनो, झाडाला पाणी लागतं नेमकं तुमच्या सुट्टीत. एप्रिलमध्ये परीक्षा, मेमध्ये होस्टेल रिकामं, आणि पहिली दोन-तीन वर्षं मुळं खोल गेलेली नसतात तेव्हा हाच एक महिना रोप मारतो.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही फक्त 25 लावायची ठरवली. खड्डे मेमध्येच खणून उन्हात तापू दिले, दोन फूट लांब, रुंद, खोल, त्यात शेणखत आणि चांगली माती, आणि पाऊस लागल्यावर जुलैत लागवड. गुलमोहर नको म्हटलं, तो मूळचा मादागास्करचा, आपल्याकडची एवढी झाडं असताना तो कशाला. बहावा, कांचन, करंज, कडुनिंब, तामण आणली (तामण तर आपलं राज्यफूल, पण वर्गात निम्म्या जणांनी झाड बघितलेलं नव्हतं). टेकड्यांवर गिरिपुष्प हे परदेशी झाड लावून काय झालं ते रोज फिरायला जाणाऱ्यांना माहितीये, त्याच्याखाली दुसरं फारसं काही येत नाही.

खरी कसोटी या मेमध्ये होती. कोथरूड, वारजे, हडपसरला राहणाऱ्या आम्ही नऊ जणांनी दिवस वाटून घेतले. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी आळं भरून दहा लिटर द्यायचं, म्हणजे पाणी खाली उतरतं आणि मुळंही त्याच्यामागे जातात. आळ्यात वाळलेल्या पानांचा वीतभर थर, नाहीतर तो पालापाचोळा कोपऱ्यात जाळला जातो, त्याला बंदी असूनही. गुरुवारी पाणी बंद असलं की बुधवारीच कॅन भरून ठेवायचे. बीडची एक मैत्रीण गावी गेली होती, ती तिथून रोज तिच्या कांचनचा फोटो मागायची, त्याला नवीन पान फुटलं, आपट्यासारखं मधे दुमडलेलं, त्या दिवशी तिने फोन करून आईला पण दाखवायला लावलं.

माझी सगळ्या कॉलेजांना मनापासून विनंती आहे की यंदा नवीन रोपं लावायच्या आधी मागच्या वर्षीची मोजा आणि तो आकडा नोटीस बोर्डावर लावा, कमी असला तरी लावा. एनएसएसमध्ये वर्षाला 120 तास भरायचे असतात, त्यातले काही तास मेमधल्या पाण्यासाठी धरले तर पुण्यातच राहणारी मुलं नक्की येतील. पासआऊट होणाऱ्यांनी आपलं झाड ज्युनिअरला नावानिशी सोपवावं. आणि रोपांजवळ एक चालू नळ द्या, आम्ही दोन मजले खाली कॅन उतरवत होतो. लागवड जुलैत केली तरी चालेल, 5 जूनला त्याच मुलांना घेऊन खड्डे तयार करा, आळी दुरुस्त करा, ते पण पर्यावरणाचंच काम आहे.

आमची 25 पैकी 22 आज उभी आहेत. एक बहावा गाडी रिव्हर्स घेताना मोडला, दोन कडुनिंब वाळवीने गेले. ते तीन खड्डे परत भरून ठेवलेत, जुलैत एसवायची मुलं तिथे रोपं लावणार आहेत, माझा कांचन पण आता त्यांच्याकडेच दिलाय.

आपली,
एक विद्यार्थिनी, कोथरूड, पुणे