सामुराई चित्रपटांच्या डिस्क आमच्यापर्यंतही येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे. गेल्या महिन्यात तो सुट्टीवर आला, तेव्हा बॅगेतून एक पाकीट काढून त्याने माझ्या हातात दिलं. म्हणाला, "मामानू, तुमचो जपानी पिक्चर गावलो!" जपानी दिग्दर्शक मासाकी कोबायाशींच्या 'हाराकिरी' या सामुराईंवरच्या, म्हणजे जुन्या काळच्या जपानी योद्ध्यांवरच्या, चित्रपटाची ब्लू-रे डिस्क होती, अमेरिकेतल्या एका बंदरात घेतलेली. या डिस्कची मी चार वर्षं वाट पाहत होतो. जेवणं उरकून घरातले सगळे टीव्हीपुढे बसलो, डिस्क आत घातली, आणि पडद्यावर एकच ओळ आली: या प्रदेशात ही डिस्क चालणार नाही.

ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी आणि सी असे तीन भाग पाडलेले आहेत. अमेरिका आणि जपान दोन्ही ए मध्ये, आपण सी मध्ये. म्हणजे चित्रपट जिथे बनला तिथली डिस्क घ्या की अमेरिकेतली घ्या, कुडाळच्या दुकानातून आणलेल्या माझ्या प्लेअरला ती वाचता येणार नाही. 4के डिस्कला हा प्रदेशाचा कोड नसतो, पण तिचा प्लेअर वेगळा आणि तो माझ्या आवाक्यातला नाही.

मी दशावतारी कलाकार आहे. तेहतीस वर्षं राजपार्ट करतो. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमाराला जत्रा सुरू झाल्या की पुढचे काही महिने रोज वेगळं गाव, वेगळं देऊळ. सामुराई चित्रपटांची ओळख मला 2008 साली झाली. आमच्या हायस्कूलचे एक मास्तर पुण्याला चित्रपट रसग्रहणाचा अभ्यासक्रम करून आले होते. त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये अकिरा कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई' दाखवला. 207 मिनिटांचा चित्रपट, पण रात्रभर नाटक करणाऱ्याला साडेतीन तासांचं काय! शेवटी लढाई संपते आणि गावकरी ढोलाच्या तालावर गाणी म्हणत भाताची लावणी करतात. तेव्हा माझ्या शेजारी बसलेला आमचा पखवाजवाला मोठ्याने म्हणाला, "अरे, ही तर आपलीच माणसां!" जपानी भाषेचा एक शब्द आम्हाला कळत नव्हता, इंग्रजी सबटायटल्स त्याला वाचता येत नव्हती. पण चिखलात वाकलेल्या त्या बायका त्याला कळल्या.

त्याच चित्रपटात क्यूझो नावाचा एक सामुराई आहे. आधी तो लुटुपुटीच्या हत्याराने खेळतो. समोरचा ऐकत नाही म्हणून मग खऱ्या तलवारी निघतात. दोघेही उभे राहतात. कोणी हलत नाही. मग एकच वार, आणि समोरचा माणूस सावकाश, अगदी सावकाश कोसळतो. हा प्रसंग मी मास्तरांच्या डीव्हीडीवर किती वेळा मागे नेऊन पाहिला ते सांगता येणार नाही. पाय कुठे ठेवलाय, टाच टेकलीय की नाही, मूठ कधी आवळली, हे मी रिमोटने थांबवून थांबवून शिकलो. आमच्या युद्धात झांज आणि पखवाज वाढत जातात, आम्ही गोल फिरत वार करतो. त्या वर्षी एका जत्रेत मी वादकांना सांगितलं, शेवटच्या वाराआधी सगळं थांबवा. चार मात्रा पूर्ण शांत. देवळापुढचा सगळा जमाव श्वास धरून होता. मग मी तलवार फिरवली.

म्हणून मला डिस्क हवी आहे, संपादक महोदय. मोबाइलवर चित्रपट मिळतात, नाही असं नाही. पण आज दिसलेला चित्रपट पुढच्या महिन्यात त्या अ‍ॅपवर असेलच असं नाही. आणि 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. कोरोनामुळे नाटकंही बंदच होती. शेजाऱ्याचा जनरेटर संध्याकाळी दोन तास चालायचा, तेवढ्या वेळात आम्ही मास्तरांच्या त्याच डीव्हीडीवर थोडं थोडं करून 'सेव्हन सामुराई' पुन्हा पाहिला. ती डीव्हीडी आजही माझ्याकडे आहे. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो.

'हाराकिरी' मी याआधी पेनड्राइव्हवरच्या एका खराब कॉपीवर पाहिला आहे. अंधारातल्या प्रसंगांत तर चेहरेच दिसत नव्हते. तरी गोष्ट विसरता येत नाही. पोटासाठी एका तरुण सामुराईने आपली तलवार विकलेली असते आणि म्यानात बांबूचं पातं ठेवलेलं असतं. त्याच बांबूने त्याला पोट फाडायला लावतात. आमच्याही तलवारी लाकडाच्या, वर चांदीचा कागद चिकटवलेल्या. ते बांबूचं पातं पाहिल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. 1963 साली कान महोत्सवात खास ज्युरी पुरस्कार मिळालेला हा चित्रपट मला एकदा तरी स्वच्छ, काळा आणि पांढरा रंग नीट उमटलेला पाहायचा आहे.

आणि असे किती तरी आहेत! शिंतारो कात्सूंनी रंगवलेला आंधळा मालिशवाला झाटोइची, ज्याचे 1962 ते 1973 या काळात 25 चित्रपट आले आणि 1989 साली सव्विसावा. तोमू उचिदांनी 1961 ते 1965 अशी पाच वर्षं, वर्षाला एक याप्रमाणे केलेले मियामोतो मुसाशी या नामांकित तलवारबाजावरचे पाच भाग. जपानी चित्रपटाचा पहिला मोठा तारा मात्सुनोसुके ओनोए हा तर काबुकी हे पारंपरिक जपानी नाटक करत गावोगाव फिरणाऱ्या मंडळीतून आलेला, आमच्यासारखाच. त्याने हजाराच्या आसपास चित्रपट केले म्हणतात आणि त्यातले बहुतेक नष्ट झाले. हे वाचलं तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. जे उरलं आहे ते तरी लोकांच्या घरात पोचायला हवं.

मागे एकदा मुंबईतल्या एका मोठ्या दुकानात चौकशी केली, तर मागणी नाही म्हणाले. मागणी मोजली कोणी? आमच्या दशावतारी नाटक कंपनीत चौदा माणसं आहेत आणि चौदाही जणांना हे चित्रपट पाहायचे आहेत. त्यांतल्या अकरा जणांना इंग्रजी वाचता येत नाही. मी चित्रपट थांबवून थांबवून मालवणीत सांगतो. मूकपटांच्या काळात जपानात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे बेन्शी असत, त्यांच्यासारखं. पण एका साध्या डीव्हीडीवर 32 भाषांपर्यंत सबटायटल्स मावतात. त्यांत मराठीला एक जागा द्यायला काय हरकत आहे?

आपल्या दैनिकातून माझी विनंती एवढीच, की भारतात डिस्क काढणाऱ्या कंपन्यांनी, दिल्लीतल्या जपान फाउंडेशनने आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने मिळून निदान दहा सामुराई चित्रपट आपल्या प्लेअरवर चालतील असे, मराठी सबटायटल्ससह काढावेत. जपानी येणारी मराठी मंडळी पुण्यात पुष्कळ आहेत, भाषांतराला माणसं कमी पडणार नाहीत. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि कणकवलीच्या दशावतारी कंपन्यांतून फिरून आगाऊ पैसे भरणाऱ्यांची यादी मी स्वतः करून देतो. जत्रा सुरू व्हायच्या आत करतो, कारण एकदा पेटारे गाडीत चढले की मला घरी बसायला वेळ नसतो. पहिल्या पानावर चौदा नावं मी कालच लिहिली आहेत.

आपला,
एक दशावतारी कलाकार
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग